अडकलेली मूठ

फार जुनी गोष्ट नाही. धुळीचा थर बसावा इतकीच जुनी. मालक गेल्यापासून एक मोटारसायकल पडवीत उभी होती. तिची रेसची मूठ पिळली की तिथेच अडकून राही.

"अगं, सोड ना," तेलाची बुधली म्हणाली. "उद्या त्यांची लेक वासंती गाडी काढणार. अशी अडकलीस तर पोरगी आपटेल."

"माझ्यावर शेवटचा हात त्यांचा होता. मागे फिरले तर तोही पुसला जाईल."

"वेडे, घर जवळ आलं की ते काय करायचे?"

मूठ म्हणाली, "हात सैल सोडायचे."

सकाळी वासंतीने मुठीच्या केबलमध्ये तेल सोडलं, मूठ पिळून पाहिली. सोडताच ती हलकेच जागेवर आली.

गाडी निघून गेली. पडवीत बुधली एकटीच उरली.