फ्रेदेवाची आणि हाल्लेच्या सुरीची कहाणी

ऐका फ्रेदेवा, तुमची कहाणी. मुलांनो, मुठीत जव धरा, मूठ सैल सोडू नका.

दूर उत्तरेला, समुद्र जिथं गोठून पांढरा होतो, तिथं एक आटपाट गाव वसलं होतं. हिवाळ्यात तिथं भर दुपारी काळोख असे. त्या गावचा देव फ्रे. ऊन त्याचं, पाऊस त्याचा, मातीतलं बी त्याचं, पोटातलं मूल त्याचं. घडी घालून कमरेला खोचावी अशी त्याची नाव. सोन्याच्या केसांचं त्याचं रानडुक्कर, चाललं की काळोखात उजेड पडे. सगळं होतं, तलवार तेवढी नव्हती. गेर्ड नावाच्या राक्षसकन्येवर त्याचा जीव जडला, तिच्यासाठी त्यानं तलवार देऊन टाकली. तेव्हापासून देव रिकाम्या हाती.

म्हणून त्याचा वसा असा. हिवाळा सरला की देवाचा गाडा दारोदार येई. गाड्याला पडदा, पडद्याआड देव. घरातलं सगळं लोखंड कुंपणाबाहेर ठेवावं, मूठभर जव गाड्यात वाहावेत, आणि म्हणावं, "लोखंड बाहेर, बी आत." पडदा उचलू नये. मनात वैर ठेवू नये.

त्या गावात हाल्ला नावाची बाई होती. तिला दिवस गेले होते. तिचा पाठचा भाऊ तोर्फी, त्याला कोल्बेन नावाच्या शेजाऱ्यानं भांडणात मारला होता. पंचांनी तंटा मिटवला. हाल्लेच्या मनातला मिटला नाही.

मग गाडा आला. बैलांच्या पुढं कोण? तर कोल्बेन. हाल्लेनं काय केलं? भावाची सुरी पदराआड लपवली. तो जवळ आला की घालायची, असं मनात धरलं. गाड्यातल्या पुजारणीनं विचारलं, "बाई, लोखंड बाहेर ठेवलंस का?"

हाल्ला म्हणाली, "ठेवलं."

वारा नव्हता, तरी पडदा हलला. आत कुणीतरी लांब श्वास घेतला. बैलांच्या डोळ्यांना पाणी आलं. हाल्लेची मूठ सुरीवर होती, पण हात उचलेना. गाडा पुढं गेला. बर्फात बैलांच्या खुरांचे ठसे उमटले, चाकांची रेघ उमटली नाही.

मग काय झालं? शेतात जव पेरले, ते उगवेनात. माती उकरली, तर दाणे काळे, जड, लोखंडाच्या किसासारखे. मग गाईचं दूध काढलं, तर त्याला गंजाची चव. मग पोटातलं मूल हलेनासं झालं.

सासू ग्रीमा. तिनं सुनेच्या पोटाला कान लावला आणि चटकन मागं घेतला. "अगं, आत विहिरीसारखं गार आहे! काय दडवलंस? खरं सांग."

हाल्ला रडली, सुरी दाखवली. ग्रीमा म्हणाली, "देवाचा गाडा तुझ्या दारातून निघाला तो कोल्बेनाच्या दारात रुतला. अजून तिथंच आहे. जा, सुरी देवाला दे."

"अहो, त्याच्या दारात मी पाऊल ठेवायची नाही."

मग ती खाडीवर गेली, सुरी समुद्रात टाकली. घरी आली, तो सुरी चुलीपाशी, ओली. मग डोंगराच्या पायथ्याशी पुरली. घरी आली, तो सुरी अंथरुणावर, माती लागलेली. मग दगडानं मोडायला बसली. दगड फुटला, आणि सुरीतून तोर्फीच्या आवाजात कण्हणं आलं. हाल्ला उठली ती धावत सुटली.

बाहेर धुकं. धुक्यात उजेड दिसला. रानडुक्कर उभं होतं, अंगावरचा एकेक केस पिकल्या कणसासारखा. ते चालू लागलं. पावलांचा आवाज नाही. हाल्ला मागून गेली. ते थांबलं ते कोल्बेनाच्या अंगणात, आणि उंबऱ्यावर आडवं पडून राहिलं.

गाडा चाकांच्या आसापर्यंत मातीत गेलेला. पुजारीण खाली मान घालून बसलेली. कोल्बेन त्या रानडुकराला ओलांडून बाहेर आला, त्यानं सुरी पाहिली, तो हलला नाही.

"मारायला आलीस?"

"त्या दिवशी मारणार होते," हाल्ला म्हणाली. "आज माझं पोर गार पडलंय."

तेवढ्यात पडद्यातून हात आला. माणसाचा म्हणावा तर मोठा, मातीच्या रंगाचा, बोटांना बारीक मुळं फुटलेली. आतून आवाज आला, "मी माझी दिली. अजून रिकाम्या हातीच आहे. भिऊ नकोस."

हाल्लेनं सुरी त्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "लोखंड बाहेर, बी आत." बोटं मिटली. हात आत गेला. पडदा निश्चल झाला.

मग पोटात मुलानं लाथ मारली.

कोल्बेन म्हणाला, "तोर्फीचं मला..."

"त्याचं नाव तुझ्या तोंडून नको. तू माझ्या अंगणातून खुशाल जा, मी तुझ्या अंगणातून जाईन. तेवढं पुरे." तो बरं म्हणाला. त्याच्या बायकोनं पाण्याचा वाडगा पुढं केला. हाल्ला ते पाणी प्यायली.

मग गाडा वर आला. मग पाऊस आला. मग पुन्हा पेरलेले जव उगवले, दूध गोड झालं, हाल्लेला मुलगी झाली, मोठ्या आवाजाची.

नवे जव दळले, तेव्हा हाल्लेनं पहिल्या पेजेचा वाडगा घेतला आणि एकटीच भावाला पुरलं होतं त्या मातीपाशी गेली. पेज ओतली. काय केलं, का केलं, सगळं सांगितलं. मग कान देऊन बसली. ती कितीतरी वेळ बसली. मग पोर रडत असेल म्हणून उठली.

मुलांनो, आता मुठी उघडा, जव मातीत सोडा. हाल्लेच्या लेकराला जशी देवानं ऊब दिली, तशी तुम्हां आम्हां देवो. साठा उत्तरांची लांबण पाचा उत्तरी आटोपली. कहाणी सुफळ, ऐकणारी सुखरूप.