चालता प्रोग्रॅम का पुसला

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे अर्ज दुरुस्त करून घ्यायला गेला. गुरू म्हणजे दाढी, कमंडलू, मृगाजिन असा प्रकार नव्हता. सांगलीत दोन खोल्यांत राहणारे, पंचाहत्तरीला टेकलेले एक गृहस्थ. संगणक नवा होता तेव्हापासून ते छोट्या दुकानदारांसाठी प्रोग्रॅम लिहीत आले होते. पिशवीत फ्लॉपी घालून एसटीने गावोगाव जायचे, दुकानात बसून प्रोग्रॅम चालू करून द्यायचे आणि दुकानदाराचा हात त्यावर बसेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

शिष्य त्यांच्याकडे चार वर्षं शिकला आणि जमाना बदलला तसा मोबाईलच्या ॲपकडे वळला. त्यात गैर काहीच नव्हतं. गुरूंनी तीस वर्षं चपला झिजवून जेमतेम दीडशे दुकानं गाठली. शिष्य घरातल्या खुर्चीवरून न उठता दोन वर्षांत दोन लाख फोनांत पोहोचला. पूर्वी प्रोग्रॅम करणाऱ्याला बाजार शोधत फिरावं लागे, आता बाजारच प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला होता. शिष्याला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर गुरूंनाही होता.

त्याचं ॲप साधं होतं. औषधाच्या वेळेची आठवण करून द्यायचं. पण घंटा वाजवून नव्हे. घरातल्या कुणीतरी आपल्या आवाजात एकदा सांगून ठेवायचं आणि वेळ झाली की फोनमधून तो आवाज बोलायचा, "आई, शुगरची गोळी घे." परगावी राहणाऱ्या लेकरांना याचं फार अप्रूप वाटलं.

आणि एका सकाळी बाजाराने, म्हणजे लोक जिथून फोनवर ॲप उतरवतात ते ठिकाण चालवणाऱ्या कंपनीने, ते ॲप काढून टाकलं. फोनचा पडदा बंद असताना बोलणाऱ्या ॲपांसाठी नवा नियम आला होता, हे त्यात बसत नाही, एवढं एका ओळीत कळवण्यात आलं. शिष्याने फेरविचाराची विनंती केली. चार मिनिटांत उत्तर आलं, "आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार केला आहे. निर्णय कायम आहे." चार मिनिटांत काळजीही करून झाली आणि विचारही! दुसऱ्या विनंतीचं तेच झालं. आता तिसरी आणि शेवटची उरली होती. तिचाच मसुदा घेऊन तो आला होता.

"सर, भाषा जरा कडक करून द्या," तो म्हणाला. "ॲप गेल्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट आहे. एक बाई आहेत."

बाजारात प्रत्येक ॲपच्या पानावर लोक आपला अभिप्राय लिहितात. त्यात महिन्यापूर्वी कुणी लिहिलं होतं, "आमचे हे मार्चमध्ये गेले. पण रोज सकाळी आठला त्यांचाच आवाज येतो, अगं, थायरॉईडची घेतलीस का. म्हणून माझी गोळी अजून चुकत नाही." खाली नाव नव्हतं. 'एक वापरकर्ता' एवढंच छापून आलं होतं.

ज्यांच्या फोनवर ॲप आधीच होतं तिथं ते अजून चालत होतं, पण पुढचं संकट असं होतं की महिन्याभरात फोनांचं नवं अपडेट येणार होतं. ते एकदा फोनवर चढलं की हे जुनं ॲप कायमचं बंद पडणार, आणि आत ठेवलेला आवाजही त्याच्याबरोबर जाणार. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा भरून कोण देणार?

"मग कळव की त्यांना," गुरू म्हणाले.

"कसं कळवू? अभिप्रायाला उत्तर द्यायची सोय त्या पानावर होती, आणि पानच काढलंय. ॲपमधून काही पाठवावं तर त्याची वाटही बाजारातूनच जाते. बाईंचा फोन नंबर नाही, गाव नाही, नाव नाही. दोन लाख माणसं आहेत सर, आणि त्यातलं एकही मला ओळखता येत नाही."

गुरूंनी मसुद्याला हात लावला नाही. म्हणाले, "उद्या सकाळी सहाची विट्याची गाडी आहे. माझं तिथं काम आहे. येशील?"

शिष्याच्या मस्तकात तिडीक गेली. घर जळतंय आणि यांना एसटीचं वेळापत्रक सुचतंय! पण गुरूला नाही म्हणायची सवय नव्हती. तो गेला.

विट्यात इलाहीभाई शिकलगारांचं चष्म्याचं दुकान होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी गुरूंनी त्यांना प्रोग्रॅम लिहून दिला होता आणि तो अजून बिनतक्रार चालत होता. निम्म्या गावाच्या डोळ्यांचे नंबर त्यात होते. कुणाला चाळिशी कधी लागली, कुणाच्या पोरीचा नंबर कितीने वाढला, सगळं. गुरू पडद्याला नाक लावून बसले. चार तास खपून त्यांनी त्या साऱ्या नोंदी बाहेर काढल्या, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी साधी यादी केली आणि इलाहीभाईंच्या मुलीच्या लॅपटॉपवर चढवली.

"उघडा," ते इलाहीभाईंना म्हणाले.

"उघडलं की सर."

"बंद करा. परत उघडा. आता एखादं नाव शोधा."

इलाहीभाईंनी शोधलं. "सुगंधा माळी. दोन हजार तीन साली मायनस दीड. बरोबर हाय."

असं तीनदा करून घेतलं. मग गुरूंनी जुन्या संगणकावरचा आपला प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

"सर, चालत होतं की वो चांगलं!" इलाहीभाई म्हणाले. ते आतल्या खोलीत गेले आणि टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आले. त्या भागात मानाच्या माणसाला असंच पाठवतात. गुरू हसून म्हणाले, "मी तुम्हाला नारळ द्यायला आलो, तर तुम्हीच मला दिलात." इलाहीभाई हसले नाहीत. "डोळ्यात औषध घाला वेळच्या वेळी," एवढंच म्हणाले आणि दुकानाची पायरी उतरताना त्यांनी गुरूंचा हात धरला.

स्टँडवर बाकड्यावर बसल्याबरोबर शिष्याचा बांध फुटला. "माझं ॲप गेलं तर आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तुम्ही चालता प्रोग्रॅम पुसलात! का सर?"

गुरू थोडा वेळ समोरच्या गाडीची पाटी वाचायचा प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, "मला काचबिंदू झालाय. इलाहीभाईंनीच पहिल्यांदा ओळखला. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात अक्षर दिसायचं नाही. प्रोग्रॅम माझा होता रे, पण आतले नंबर त्यांचे होते. उद्या तो अडला असता तर त्यांची सत्तावीस वर्षं माझ्या कुलपात अडकली असती आणि किल्ली आंधळ्याकडे. प्रोग्रॅम आज ना उद्या मरतोच, तुझा काय आणि माझा काय. त्याच्या आत ज्याचं जे आहे, ते त्याच्या हाती देऊन मग दार लावावं, एवढंच आपल्याला करता येतं. अजून अकरा गावं राहिलीत."



"तुझ्या बाजाराला मी नावं ठेवत नाही," गुरू पुढे म्हणाले. "मला जन्मात जमलं नसतं ते त्यानं तुला दिलं. पण आठवडी बाजारात एखाद्याची जागा गेली तर शेजारचा भाजीवाला गिऱ्हाइकाला सांगतो, तो आता पारापाशी बसतो म्हणून. तुझ्या बाजारात शेजारी नाही. जिथं आपला निरोप सांगायला कुणी नाही, तिथं लोकांची वस्तू ठेवून घेताना ती परत द्यायची वाट आधी करावी लागते. तू केली होतीस का?"

गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेलीसुद्धा.

"केली होती," शिष्य म्हणाला. "पहिल्या वर्षी एक बटण होतं. ते दाबलं की आवाज ॲपमधून काढून आपल्या फोनवर वेगळा ठेवता यायचा. नंतर ते मीच काढून टाकलं."

"का?"

"लोक आवाज घेऊन दुसऱ्यांच्या ॲपकडे जायचे. आणि लोक सोडून जायला लागले की बाजार आपल्याला यादीत खाली ढकलतो. बटण काढलं आणि महिन्यात मी वर आलो. तेव्हा मी पेढे वाटले होते सर. तुम्हालाही दिले होते."

गुरू रागावले असते तर बरं झालं असतं, असं शिष्याला वाटलं. आठ दिवस तो बाजाराला शिव्या घालत होता. बाजाराने दुकान बंद केलं हे खरं होतं, पण त्या बाईंच्या नवऱ्याचा आवाज आत कोंडला होता तो याने. हे कळलं तेव्हा भर स्टँडवर, लोकांच्या देखत, तो लहान मुलासारखा रडला. गुरूंनी मांडीवरचा कोरा टॉवेल त्याच्यापुढे केला.

परतीच्या गाडीत शिष्याने तिसरा अर्ज नव्याने लिहिला. त्यात ॲप परत मागितलं नाही. मी ॲपमध्ये आवाज काढून घ्यायचं बटण घालून देतो, ते एकदाच, फक्त एका दिवसासाठी, आधीपासून वापरणाऱ्यांच्या फोनवर जाऊ द्या, मग ॲप खुशाल पुसा, अशी हात जोडून विनंती केली. गाडी तासगावच्या अलीकडे होती तोवर उत्तर आलं. काळजीपूर्वक विचार केला आहे. निर्णय कायम आहे.

महिन्याने अपडेट आलं. त्या दिवशी सकाळी आठला शिष्य घड्याळासमोर बसून राहिला. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी स्वयंपाकघरात एक बाई हातात पाण्याचा पेला घेऊन थांबली असेल, याहून जास्त त्याला काही ठरवता येईना. बाईंनी फोन अपडेट केला की नाही, हे त्याला आजही ठाऊक नाही.

पुढे गुरूंची दृष्टी गेली. पण ती जाण्याआधी शिष्य त्यांचा हात धरून अकराही गावं फिरून आला होता. आता शिष्यही शिकवतो. त्याच्याकडे नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला की पहिलं काम ठरलेलं असतं. लोकांना आपली वस्तू काढून घेऊन जाता येईल अशी सोय आधी लिहायची, ती चालते की नाही हे पाहायचं, आणि मगच बाकीचं.

नवी मुलं कुरकुर करतात. परवा एकीने विचारलंच, "सर, कुणी आलेलं नसताना जायची सोय कशाला? कुणासाठी एवढं?"

"एका बाईंसाठी," तो म्हणाला.

"कोण बाई?"

"तेच तर मी विचारून ठेवलं नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.