धाकटं शीड

फार पूर्वी एका होडीवर दोन शिडं होती. थोरलं रुंद आणि पांढरंशुभ्र. धाकटं आखूड, जाड, ठिगळांचं. ते बहुतेक वेळ जाळ्याखाली गुंडाळून पडलेलं असे.

एका दुपारी खाडीच्या तोंडाशी वारा पिसाळला. होडी कलली, पाणी आत येऊ लागलं. "पारू, थोरलं उतरव! धाकटं चढवूया," हिराजी नाखवा बायकोला ओरडला. पारूने दोर सैल केला, पण थोरलं शीड डोलकाठीला घट्ट धरून बसलं.

"एवढा वारा पहिल्यांदाच मिळतोय, आणि मी उतरू? त्या चिंधीसाठी?"

डोलकाठी कण्हली. "तुझ्याआधी इथे तुझ्याएवढंच एक शीड होतं. असाच वारा सुटला होता, आणि तेही उतरेना. शेवटी टराटरा फाटलं."

"मग?"

"जेवढं हाती लागलं, तेवढं पारूने शिवून ठेवलं. ते बघ, जाळ्याखालून काढतेय."

थोरलं शीड मुकाट्याने खाली आलं. धाकट्याने वारा पोटात घेतला आणि होडी सावरली.

संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर वाळत पडली होती. थोरल्याने हळूच हाक मारली, "दादा, फार दुखलं होतं का रे?"