तिथलीच माती

“मग परत वाढलं कसं?”

डॉ. निनाद टिळेकरला त्याच्या गुरू, खांबेटे मॅडम, विचारत होत्या. डोळ्यावर वाढलेलं मांस सात मिनिटांत उडवणारा सर्जन म्हणून त्याचं नाव होतं, आणि नावाची गुर्मीही होतीच. पण समोर चांगुणाबाई बसल्या होत्या. जन्म मिठागरात गेलेला. त्यांच्या उजव्या डोळ्यातलं मांस त्याने दोनदा कापलं, आणि दोन्ही वेळा ते परत आलं. आता बुबुळाच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. डावा डोळा तर लहानपणीच गेलेला.

“मी साफ कापलं होतं, मॅडम.”

“कापलंस. उघड्या जागेवर काय लावलंस?”

“काहीच नाही.”

मॅडम बाईंकडे वळल्या. “मिठागराचा बांध फुटला की काय करता?”

“काय करनार? तिथलीच माती घेऊन खांड बुजवाची. नुसता पानी उपसून काय व्हनार?”

“ऐकलंस?” मॅडम म्हणाल्या.

निनादच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण हा डोळा जाऊ द्यायचा नाही, हे त्याने तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी डोळा बधिर करून त्याने मांस काढलं. मग त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालून निरोगी पापुद्रा घ्यायचा होता. धडधाकट जागेला कात्री लावणं त्याच्या जिवावर आलं. तरी घेतला, कांद्याच्या सालीहून पातळ, आणि उघड्या जागेवर नीट अंथरला.

त्याने सुई उचलली. मॅडमनी मनगट धरलं.

“टाके नकोत. बाईंचंच रक्त चिकटवेल.”

“मग मी काय करू?”

“कडा धरून बस.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं.”

दहा मिनिटं! एरवी एवढ्यात त्याचा पेशंट टेबलावरून उतरलाही असता. मान अवघडली, बोटांना रग लागली. त्याने दात आवळले आणि कडा सोडल्या नाहीत.

“डाक्तर, झाला का?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई. बसलोय मी.”

“...बसा.”

वेळ भरली. त्याने कड हळूच ढकलून पाहिली. पापुद्रा तसूभर हलला नाही. त्याला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

“मॅडम, शेवटी तर मी नुसता बसून होतो.”

मॅडम हातमोजे काढत होत्या.

“मागच्या दोन वेळी तेच राहिलं होतं. माती लावून बसणं.”