चिंचमाळच्या चर्चला दार का नाही

अभिषेकाचे तेल उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही आणि बाईमाणसाने तेलाच्या कासंडीला हात लावायचा नाही. चिंचमाळच्या मंडळीचा हा नियम मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. का, असे विचारायचे नाही, हेही त्या नियमातच येते.

माळावरचे आमचे चर्च लांबून ओळखू येते, कारण त्याला दार नाही. काळ्या दगडाची चौकट आहे, चौकटीत गंजलेल्या बिजागऱ्या आहेत, पण फळ्या नाहीत. चिमण्या खुशाल आत येतात. आडवा पाऊस थेट वेदीपर्यंत पोचतो. सुगीच्या सणाला कपाळावर तेल लावून घेतलेला प्रत्येक माणूस बाहेर पडताना चौकटीला कपाळ टेकवतो, त्यामुळे तिथला दगड आरशासारखा गुळगुळीत झाला आहे.

यंदाच्या सणाला नाशिककडचे पाहुणे आले होते. त्यांतल्या एकाने विचारले, "दार नाही, तर चोरी नाही होत?"

"चोरायला आहे काय? बाकडी?" शांतवनबाबा म्हणाले. "त्यांच्यावर बसवत नाही, तर चोरून कोण नेतंय!"

शांतवनबाबा भिंगारदिवे म्हणजे मंडळीचे सर्वांत वयस्कर पंच. दाराची गोष्ट त्यांनीच सांगायची, असा रिवाज आहे. पाहुणे पायऱ्यांवर बसले. थोडे बाजूला, उन्हातच, रंजना बसली होती. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली ही बाई सकाळीच विचारायला आली होती. तिच्या सासूला, द्वारकाबाईला, क्षयाने धरले होते. खोकल्यातून रक्त पडत होते. सरकारी दवाखान्याची औषधे चालू होती, पण टोळीतले लोक माळाखालच्या तिच्या कोपीजवळ, पाचटाच्या झोपडीजवळ, फिरकत नव्हते. म्हातारी आपल्यातली, येशूला मानणारी. कोणीतरी येऊन कपाळाला तेल लावावे आणि प्रार्थना करावी, एवढेच तिचे मागणे होते. पंच म्हणाले, "तिला वर घेऊन ये. तेल खाली जात नाही." पण द्वारकाबाईला उठून बसताही येत नव्हते. म्हणून रंजना नुसती बसून होती.

बाबांनी घसा खाकरला.

प्लेगचे साल होते, असे सांगतात. चर्च नुकतेच बांधून झाले होते. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या आपल्या माणसांनी स्वतः दगड वाहून ते बांधले. सागवानी दार बसवले. बिशपसाहेब येऊन चर्चचा अभिषेक करणार, त्यासाठी घराघरातून करडई गोळा केली, घाण्यावर तेल काढले आणि पितळेच्या कासंडीत भरून, तोंडाला फडके बांधून, मेण ओतून वेदीखाली ठेवले. ते देवासाठी वेगळे काढलेले तेल. त्याला कोणी शिवायचे नाही, असे पंचांनी ठरवले आणि दाराला कुलूप लावले.

मग उंदीर पडू लागले. लोक घरे सोडून माळावर झोपड्या करून राहिले. ज्याला गाठ येई त्याची झोपडी वेगळी, आणि तिकडे सख्खा भाऊही जात नसे. मंडळीतल्या सगुणाबाईचा नवरा गवंडी होता. चर्चचा उंबरा त्यानेच घडवला होता. त्याला गाठ आली तेव्हा त्याने तेल मागितले. पंच म्हणाले, बिशपसाहेब येईपर्यंत फडके सुटणार नाही. तो तसाच गेला. सगुणाबाईने एकटीने त्याला माती दिली, म्हणे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पहार घेऊन आली आणि दार बिजागऱ्यांतून उचकटू लागली. पंच धावत आले. "सगुणे, ते पवित्र आहे! शिवू नको!"

ती म्हणाली, "गाव आपल्याला शिवत नाही, त्याला विटाळ म्हणतात. आपण ह्या तेलाला शिवत नाही, त्याला पवित्र म्हणायचं? मला तर दोन्ही सारखंच दिसतंय."

तिने दोन्ही फळ्या काढल्या. त्यांवर घालून आजाऱ्यांना चर्चमध्ये आणले. एक टोक ती धरी, दुसरे आजाऱ्याच्या घरचे जे कोणी लाजेने पुढे येई ते. मेण फोडून तिने एकेकाच्या कपाळाला तेल लावले आणि म्हणाली, "तू देवाचा आहेस. तुला कोणी टाकलेलं नाही." काही जण सांगतात की कासंडी रिकामी झालीच नाही. बाबा तसे सांगत नाहीत. तेल संपले, शेवटी तिने बोटाने तळ पुसून घेतला. पुष्कळ लोक मेले. पण कोणी एकटे मेले नाही. आणि पुष्कळ वाचलेही. साथ सरल्यावर सरकारी हुकमाने त्या फळ्या जाळून टाकल्या.

बिशपसाहेब आले तेव्हा दार नव्हते आणि कासंडी कोरडी होती. पंचांनी सगुणाबाईला पुढे उभे केले. "हिने देवाचं तेल उधळलं. आता चर्च पवित्र कसं व्हायचं?"

बिशपसाहेबांनी विचारले, "बाई, तेल कुठे आहे?"

तिने मागे वळून हाक मारली. साथीतून उठलेले लोक एकेक करून आले, उंबऱ्यावर उभे राहिले. कोणाच्या मानेवर व्रण, कोणी काठी टेकत. "हे बघा, साहेब. एवढ्यांच्या कपाळांवर आहे."

बिशपसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. ते म्हणाले, "मग अभिषेक झालेला आहे. मी उशिरा पोचलो." त्यांनी त्या लोकांना आधी आत जायला सांगितले आणि स्वतः सगळ्यांच्या मागून गेले. त्या दिवशी जे गाणे उठले ते नदीपलीकडच्या गावात ऐकू गेले, म्हणे. पुन्हा दार बसवायचे नाही, हेही तेव्हाच ठरले.

"आजही ह्या चर्चला दार नाही," बाबांनी हात जोडले. पाहुण्यांतल्या बायका डोळे पुसत होत्या. एकाने फोटो काढला.

मी रंजनाकडे पाहिले. ती पदर सावरून उठत होती, जायला निघाली होती.

मी आत गेले आणि वेदीखालची कासंडी उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. बाहेर आले तेव्हा पाचही पंच चौकटीत उभे होते.

"हन्ना, ठेव ती," बाबा म्हणाले. "नियम ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. मी द्वारकाबाईंकडे चाललेय."

"चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवणार?" मनोहरकाका, दुसरे पंच, कडाडले. "सगुणाबाईची वेळ निराळी होती. साथ होती!"

"काका, त्या बाईच्या कोपीपाशी कोणी जात नाही. तिच्यापुरती साथच आहे."

"अगं, पवित्र वस्तू आहे ती! तिचा मान राखायला नको?" बाबा म्हणाले.

"ख्रिस्त ह्या शब्दाचा अर्थच अभिषिक्त, हे तुम्हीच शिकवलंत मला रविवारच्या शाळेत. तो कुठे वेदीखाली बसून राहिला, बाबा? महारोग्यांना हात लावत फिरला. अभिषेक झालेल्याला पाठवलेलं असतं, जपून ठेवलेलं नसतं. आता तुम्ही सांगितलेली गोष्ट खरी असेल, तर मला वाट द्या. खोटी असेल, तर ह्या पाहुण्यांना तसं सांगा. पण कासंडी मी खाली ठेवणार नाही."

मनोहरकाकांनी बाबांकडे पाहिले. हळूहळू बाबा एका बाजूला सरले आणि बाकीचेही सरले.

रंजना पुढे चालू लागली. मी उंबरा ओलांडला. मागे पाचही पंच उभे होते.