खारीचं टाकलेलं पत्र

फार पूर्वी एक कावळा उकिरडा उकरून रानाला बातम्या द्यायचा. एकदा त्याला खारीने टाकलेलं पत्र मिळालं: 'दादा, लवकर ये. तुझ्या वाटचे दाणे ठेवलेत.'

"खारीचा दादा येतोय!" कावळा ओरडला. सारं रान हार घेऊन तिच्या ढोलीशी जमलं. वरच्याच फांदीवर कावळ्याचं घरटं होतं.

खार रडतच म्हणाली, "काका, दादा गेला. राहवत नाही म्हणून लिहिते आणि टाकते. त्याच्या दहाव्याचा भात तुम्हीच खाल्लात ना!"

"भात आठवतोय," कावळा म्हणाला. "पण टाकलेलं कुणीही उचलावं."

खारीने घरट्याखालून अंड्याचं कवच उचललं. "मग हे कोकिळेचं कवच..."

"ते माझ्या घरातलं आहे!" कावळा किंचाळला. तेवढ्यात घरट्यातून त्याचं लाडकं पिल्लू 'कुहू' म्हणालं. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"सर्दी झालीय त्याला," खार म्हणाली आणि तिने कवच मातीत पुरलं.

कावळ्याने पत्र तिच्यापुढे ठेवलं.