पिळाची काच

"पीळ नाहीच या काचेत, चाचा. मग मी विद्यापीठाला काय सांगू?"

भार्गव केळुसकर दारातूनच बोलला. बूटही काढले नव्हते. हातात चिकटवलेलं पाकीट. पोस्टात टाकायचं सोडून रागारागानं ते स्वतःच घेऊन आला होता.

कातळाच्या उघड्या सड्यावरची वेधशाळा बंद पडली, माणसं गेली, दुर्बीणही गेली. मागच्या खोलीत काचा घासणारे कासीमचाचा आत्तार तेवढे उरले. भिंगाच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे परगावचे व्यापारीसुद्धा कबूल करायचे. आणि व्यापारी सहसा काही कबूल करत नाहीत. दोन वर्षांपूर्वी भार्गवच्या विद्यापीठातल्या प्रयोगासाठी त्यांनी ही काच घासली होती. बोटाला कळू नये असा बारीक गोल जिना तिच्यावर चढवलेला. सरळ उजेड तिच्यातून गेला की मळसूत्रासारखा पिळून बाहेर पडावा... तीन वेढ्यांचा.

"पाकिटात काय आहे?"

"काच सदोष आहे, असं लिहिलंय. यापुढं तुमच्याकडून काम घेतलं जाणार नाही, असंही."

त्यांच्याकडं येणारं तेवढंच काम उरलं होतं. चाचांनी उठून खिडकी लावली. भरदुपारी खोलीत अंधार झाला.

"दाखव."

भार्गवनं पिशवीतून लेसर काढला, काच समोर बसवली. भिंतीवर लाल कडं उमटलं, बांगडीसारखं. मधे काळं.

"वेढे नुसत्या कड्यावरून कळत नाहीत," तो म्हणाला. "त्यासाठी हा पत्रा. याला तिकोनी भोकं आहेत, लहान-मोठी. पिळलेला उजेड भोकातून गेला की भिंतीवर ठिपक्यांचा तिकोन पडायला हवा. एका बाजूचे ठिपके मोजायचे, एक वजा करायचा. तेवढे वेढे. मला दर वेळी एकच चांदणी दिसते. म्हणजे शून्य. तीनशे वेळा शून्य, चाचा!"

या शून्यापायी तो बहिणीच्या लग्नाला एका संध्याकाळपुरता गेला होता. मित्रांनी फोन करणं सोडून दिलं होतं. प्रयोगशाळेत तो आणि एक करकरणारा पंखा.

"भोक कुठं धरलंस?"

"उजेडावर. सगळ्यात बारकं भोक, कड्याच्या ऐन झगझगीत जागी."

"मधे?"

"मधे काळोख आहे."

"हं..."

"काळोखात काय मोजणार? काचा घासल्या म्हणजे मोजमाप येतं असं नाही, चाचा."

चाचांनी ऐकलंच नाही जणू. पत्र्यातलं मोठं भोक शोधलं. पत्रा सरकवत सरकवत त्या भोकाचा मध्य बरोबर काळोखावर आणला. उजेडाचं कडं तिन्ही बाजूंना जेमतेम टेकलं.

"तिथं काही नाहीये," भार्गव म्हणाला.

भिंतीवर अजून एकच चांदणी होती; चाचांनी पत्रा केसभर सरकवला.

भिंतीवरची चांदणी फुटली.

चार ठिपके. त्यांच्याखाली तीन. मग दोन. मग एक.

भार्गव भिंतीपाशी गेला. बोट लावून एक बाजू मोजली. दुसरी मोजली. तिसरी मोजायला घेतली आणि हात तसाच राहिला.

"चार... वजा एक."

बाहेर सड्यावर वारा तेवढा होता. भार्गव खाली बसला. आता कुठं त्याचं बुटांकडं लक्ष गेलं. त्यानं ते काढून बाहेर ठेवले.

"चुकलो, चाचा."

"शिकलेली माणसं उजेडाकडंच धावतात. किडेही धावतात म्हणा."

भार्गवला हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"काच तू पार्सलनं मागवलीस. पार्सलला काय सांगू?"

भार्गवनं घाईघाईनं पाकीट उचललं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं. तेवढ्यात चाचांचा हात त्याच्या मनगटावर आला. काचेची पूड बसलेला, खरखरीत.

"थांब. पत्ता कुणाचा आहे?"

"तुमचाच. पण यात... यात वाईट लिहिलंय, चाचा."

चाचांनी खिडकी उघडली. उजेडाकडं पाठ करून ते त्याच्यासमोर बसले.

"चार वर्षांत माझ्या नावाचं पत्र आलेलं नाही, बेटा. वाच... सावकाश वाच."